लोखंड बाहेर ठेवून

दाराबाहेर एक लाकडी पेटी आहे.
तिच्यात रोज उतरवून ठेवते
किल्ल्या, घड्याळ, केसांतले आकडे, साडीची पिन.
छत्री लांब, कुंपणापाशी.
नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात शिंप्याला सांगितलं,
हूक पितळेचे लाव.
म्हणाला, नवस आहे का कसला?
म्हटलं, तसंच समज.

आत दिवा, आरसा, मोजपट्टी
आणि धाग्याला टांगलेली जुनी सुई.
नवं यंत्र शेजारी आकडे ओकत असतं सेकंदाला एक,
तरी हिला आम्ही काढलेलं नाही.
माझ्याआधी इथे सॅम्सन नवगावकर होते, चौतीस वर्षं.
तेव्हा सुईचा उजेड कागदावर पडायचा,
लाल दिव्याखाली ते कागद धुवायचे
आणि कालचा दिवस पाण्यातून वर यायचा
दोन बोटांत धरलेला, ठिबकत.
शनिवारी ते यायचे नाहीत.
शनिवार माझा.

गुरुवारी दुपारी सूर्यावर काहीतरी फुटलं.
उजेड आठ मिनिटांत पोचला,
रेघेला एक आकडा पडला, केसांतल्या आकड्याएवढाच.
बाकीचं सामान मागून येत होतं.
वरच्या ऑफिसचा फोन: शनिवारी दुपारपर्यंत,
सहा तास इकडे किंवा तिकडे.
वऱ्हाडाची वेळसुद्धा याहून नेमकी असते.

संध्याकाळी बंदरावर जाऊन सांगितलं.
चांगदेव नाखवा जाळं विणत होता.
"वादल? पानी तं तेलावानी हाय."
पाण्यात नाही, म्हटलं. वारा नाही. दिसणारही नाही.
"मंग त्याला वादल कशाला म्हनायचं?"
मी चपलेतली वाळू झाडली.

शनिवार. दोन वाजून बावन्न मिनिटं.
रेघ एकदम वर झाली,
पाठीमागून कुणी नाव घेतल्यावर
मान वर व्हावी तशी.
मग उतरू लागली. शंभर. एकशेसाठ. उतरतच राहिली.
बाहेर माडाचं एक झाप हललं नाही.
दोरीवर बोंबील तसेच, तोंडात तोंड अडकवून.
पलीकडे कुणीतरी मिरच्या कांडत होतं, ठेका न चुकवता.
एवढं मोठं काही घडत होतं अलिबागवरून
आणि शिंक आली ती फक्त मिरच्यांनी.

तीन तारे दिसले, शब्बाथ संपला,
तेव्हा फाटकाशी काठी वाजली.
नवगावकर. वय ब्याऐंशी.
काठी पेटीवर आडवी ठेवली. चष्मा ठेवला.
पट्टा काढून ठेवला, विजार एका हाताने धरली
आणि उंबऱ्यावर थांबले.
"विसरलोच," म्हणाले. "खुब्यात सळई घातलीय गेल्या वर्षी.
आता मीच लोखंड."

मग मी आतून वाचत गेले
आणि ते कुंपणापाशी, माझ्या छत्रीशेजारी उभे,
डोळे मिटून.
दोनशे नव्वद. "हं."
तीनशे दहा. "हं."
तीनशे दहाच. "फसू नकोस, अजून उतरेल.
पहाटे वळेल. मग चढेल, पण कुरकुरत,
पाच दिवस घेईल."
फोनवरच्या माणसाने
एवढं छातीठोक काही सांगितलं नव्हतं.

रविवारी चांगदेव आला, पेटीपाशी थांबला, न सांगता.
"डबी म्हनते, जालं हितंच. बघतंय तं बोया नाय.
येक डाव सांगते हितं, येक डाव तितं.
शेवटी कनकेश्वराचा डोंगर नि किल्ल्याचा बुरूज
येका रेषेत धरला, बापूस धरायचा तसा.
बोया व्हता आपल्या जाग्यावं."
थोडं थांबून: "तुमचं वादल त्यंच का?"
त्यंच, म्हटलं.

सुई पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी वळली होती.

आकडे केसांत खोचायला पेटी उघडली
तर तळाशी गुंडाळलेला पट्टा.
म्हणजे रात्री ते तसेच गेले असणार घरी,
एका हातात काठी, एका हातात विजार,
आणि वर बघत, नक्की वर बघत.